नऊ लिटरचा जोड

३१ जानेवारी

नवी वही, म्हणून लिहिते आहे. याआधीच्या तीन वह्या सातव्या-आठव्या पानावर गारद झाल्या, तेव्हा हिनेही फार आशा धरू नये.

काकांकडे आले आहे, दोन-तीन दिवसांसाठी. मग बोट. प्रवाशांची मोठी बोट आहे, तिच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचं काम मिळालंय. ३ तारखेला ती इथल्या बंदराला लागते, १३ ला पुढच्या, २४ ला त्याच्याही पुढच्या, आणि मग सहा महिने पाण्यावरच, बंदरं तेवढी अधूनमधून. माझं हे आठवं काम. कुत्री फिरवण्याचं धरलं तर नववं.

काकांना सांगितलं तेव्हा ते एका कवळीचा दात घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बोटीवर लोकांचे दात तुटले तर काय करतात गं?"

"सूप पितात."

"हं. मग ठीक आहे."

घर होतं तसंच. पुढच्या खोलीत कवळ्यांचा कारखाना, मागच्या खोलीत संसार. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले. आई-बाबा गेल्यावर नऊ वर्षांची मी इथे आले, तेव्हा या जबड्यांचं बारसं केलं होतं. तिसरा म्हणजे हेडमास्तर. तेव्हा काकू होती. आता काकू नाही, हेडमास्तरांचा एक सुळा नाही, आणि सतराव्या वर्षी मी बाहेर पडल्यापासून काका एकटेच आहेत.

शेजारची शिंपीणबाई दारातून डोकावली. "पाहुणी किती दिवस?" मी दरवेळी आले की ती हेच विचारते, तोंडात टाचण्या धरून.

काकांबरोबर पाव आणायला गेले. वाटेत दोन दिव्यांच्या खांबांपाशी ते थांबले, कबुतरं बघायला. पूर्वी त्यांना कबुतरांचं काही नव्हतं.

२ फेब्रुवारी

काकांची स्वतःची वरची कवळी तुटली. घासताना हातातून निसटून बेसिनमध्ये पडली. मी शेजारीच उभी होते. बरोबर मधून दोन तुकडे, आणि काठाचा टवका उडाला तो वेगळाच.

काका तोंडावर हात धरून उभे राहिले. दातांशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. गाल आत गेले, नाक खाली आलं. कोणी दुसरेच आजोबा आमच्या मोरीत उभे आहेत असं वाटलं.

"तुम्हीच जोडा की," मी म्हटलं.

"डोळे," ते म्हणाले. जवळचं नीट दिसत नाही. सहा महिने झाले, नाजूक कामं घेतच नाहीत. मला माहीत नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं.

दुपारी ते झोपल्यावर मी पिशवीतली झटपट चिकटवायची ट्यूब काढली आणि कवळी जोडून टाकली. पाच सेकंद. फार हुशार असल्यासारखं वाटलं.

३ फेब्रुवारी

सूप पिताना तुटली. सुपात चावण्यासारखं काही नव्हतंसुद्धा.

काका इतके हसले की खोकला लागला. "कशाने जोडलीस?"

"बूट चिकटवते ते."

"दाखव बघू बूट."

मी बूट दाखवला. पुढून तोंड उघडं. काका म्हणाले, "याची पण कवळी करायला लागेल." मग शिकवायच्या सुरात आले. "तुझा डिंक कडक आहे, पण वाकत नाही. आणि कवळी दर घासाला वाकते. दिवसातून हजारदा. आपल्याला कळत नाही इतकी, पण वाकते. न वाकणारं काही तोंडात टिकत नाही. आता हे सगळं खरवडून काढ."

खरवडत बसले. बोट गेली. त्यांना फोन केला, १३ ला पुढच्या बंदरावर चढते म्हटलं. तिथला माणूस म्हणाला, चालेल, पण २४ नंतर आम्ही कोणाला घेत नाही. काका पाव दुधात बुडवत होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते.

५ फेब्रुवारी

आज खरी दुरुस्ती. काका खुर्चीत, मी टेबलाशी. तुटलेले काठ हातमशीनने तिरके घासायचे, म्हणजे नव्या मालाला (कवळीच्या गुलाबी प्लास्टिकला काका माल म्हणतात) धरायला जास्त जागा मिळते. मग काठांना लिक्विड लावायचं आणि तीन मिनिटं ओलं ठेवायचं. त्याचा वास नाकात सुईसारखा शिरतो. जुना माल लिक्विडने किंचित मऊ होतो, तेव्हाच तो नव्याला आत घेतो. मग गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवून खाचेत भरायचं, आणि प्रेशरच्या भांड्यात कोमट पाण्यात ठेवायचं.

"तीन मिनिटं म्हणजे तीन. दोनात माल सुकाच राहतो."

मी मोजायला लागले, शंभराच्या पुढे कुठेतरी खिडकीवर माशी आली आणि आकडा हरवला. काका म्हणाले, "मोजायचं नाही. गोष्ट सांगायची." त्यांच्याकडे बरोबर तीन मिनिटांची गोष्ट आहे. लहानपणी मी ती शेकडो वेळा ऐकली आहे, पण कधीच धड नाही. काकूची गोष्ट. काकू तेव्हा काकू नव्हती. ती वडिलांची तुटलेली कवळी रुमालात बांधून दुकानात आली. काकांनी जोडून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तुटलेली. पुन्हा जोडली. पुन्हा तुटलेली. काकांना लाज वाटायला लागली, की आपल्याला काम येत नाही. "मग तिसऱ्यांदा मी काठ नीट पाहिला, आणि," काका म्हणतात, आणि तीन मिनिटं होतात. "चल, भर माल."

"आणि काय?"

"आणि लग्न. भर लवकर, सुकतंय."

९ फेब्रुवारी

काकांच्या तोंडात दात आहेत आणि मला काम नाही. म्हणून मी माल तोडते आहे.

काकांनी जुन्या पक्क्या मालाच्या पट्ट्या दिल्या, करंगळीच्या रुंदीच्या. दोन विटांवर पट्टी आडवी, मध्ये तारेचा आकडा, आकड्याला बादली, आणि मगाने बादलीत पाणी. पट्टी मोडली की पाणी किती ते पाहायचं. अख्खी पट्टी दहा लिटरला मोडली. बुटाचा डिंक, दोन. काठ न घासता घाईने जोडलेली, पाच. तिरके काठ आणि पूर्ण गोष्ट ऐकवून जोडलेली, सात.

सगळी खोली ओली. शिंपीणबाई येऊन म्हणाली, "कवळ्या धुताय का बुडवताय?" काका खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, बादलीकडे टक लावून. मला वाटतं, त्यांना इतकी मजा किती दिवसांत आली नसेल. पाय वर का घेतात ते विचारलं तर म्हणाले, ओले होतात. घोटे सुजलेले दिसले. मिठाने असेल.

१२ फेब्रुवारी

दुपारच्या बसने निघायचं होतं. सकाळी काकांनी हात पुढे केला, तळव्यावर दोन तुकडे.

"शेंगदाणा," म्हणाले.

म्हणजे माझा जोड एका शेंगदाण्याला हरला. मी तोंड पाडून बसले. काकांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कामात खोट नव्हती गं."

"मग तुटली कशी?"

त्यांनी तुकडे माझ्यापुढे ठेवले.

फोन केला. आता २४ ला, शेवटच्या बंदरावर.

तुटलेला काठ मजेदार आहे, म्हणून चित्र काढलं. एका अंगाला काचेसारखा गुळगुळीत, पुढे खडबडीत होत गेलेला. गुळगुळीत भाग वर, टाळूच्या बाजूला. तिथून बाण काढला. चांगलं आलंय चित्र. शाळेत चित्रकलेत तरी पास व्हायचे.

टेबल आवरताना वाइसमध्ये काकांचा रुमाल अडकलेला सापडला. वाइस म्हणजे टेबलाच्या कोपऱ्याला बसवलेला तो लोखंडी शिकंजा, दांडा फिरवला की वस्तू दोन्हीकडून आवळून धरतो. काका हल्ली काहीही कुठेही ठेवतात.

१५ फेब्रुवारी

तार घालून जोडली. तारेची पट्टी साडेसात लिटरला मोडली, पण मोडल्यावरही तुकडे तारेला लोंबत राहिले. काका दात लावून माझ्याकडे बघून हसले आणि दोन चमचे जास्त भात खाल्ला. पाव-दुधावर राहून फार उतरलेत. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरते.

आज एक गिऱ्हाईक आलं, कॉर्नेट वाजवणारे बँडवाले. त्यांची कवळी मधून तुटलेली. काकांनी तुकडा हातात घेतला, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "कडक पावाची कड चावलीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिलंय की इथे." मग मला बोलावलं. "ये, काठ वाचायला शीक. फाट जिथे सुरू होते तिथे गुळगुळीत, जिथे संपते तिथे खडबडीत. चावताना कवळी पंखांसारखी बाहेर उघडते, म्हणून फाट जिभेच्या बाजूने सुरू होते. पडली, तर काठाचा टवका उडतो, माझा उडाला तसा."

"आणि टाळूच्या बाजूने कधी?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. "दोन्ही अंगांनी आत दाबली तर."

"तोंडात आत कोण दाबणार?" बँडवाले म्हणाले, आणि आम्ही तिघं हसलो. काका जरा उशिरा हसले.

नंतर आठवलं, माझ्या १२ तारखेच्या चित्रात बाण टाळूकडून आहे. शेंगदाणा चावला तर जिभेकडून हवा. चित्र काढताना मी तुकडा उलटा धरला असणार. डावं-उजवं मला अजून बुटांवरून कळतं.

१९ फेब्रुवारी

काही नाही. काकांनी विचारलं, बोटीवर खिडकी असते का. म्हटलं, मला मिळणाऱ्या खोलीला नसेल. "मग दिवस कसा कळणार तुला?" दुपारभर तेच डोक्यात घेऊन बसले. मग म्हणाले, बँडवाले विचारत होते, दुकान पुढे कोण बघणार. मी म्हटलं, तुम्हीच, अजून वीस वर्षं. "हं," म्हणाले.

२२ फेब्रुवारी

पुन्हा. तारेसकट. तार वाकून मधोमध घडी झाली आहे, पुस्तक मिटल्यासारखी.

या वेळी काका काय चावलं ते बोललेच नाहीत. मीच म्हटलं, पावाची कड? त्यांनी मान हलवली. ती हो होती का नाही, कोण जाणे.

चित्र काढलं. बाण पुन्हा टाळूकडून आला. नीट बघून काढलं होतं, तरी. वही तशीच काकांपुढे धरली. "तुम्ही तर म्हणालात जिभेकडून."

काकांनी वही उजेडात धरली. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मी पुन्हा तुकडा उलटा धरला असणार."

"असेल," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. मग खूप हळू म्हणाले, "हुशार आहेस तू. नुसतं स्वतःवर विश्वास ठेवायचं जमत नाही." मी वैतागले होते, म्हणून लक्ष दिलं नाही. मला आता एकच होतं, की परवा जायच्या आत अशी जोडायची की हत्तीने चावली तरी तुटू नये.

काचेचे धागे आहेत काकांच्या कपाटात, केसांसारखे बारीक, रेशमासारखे मऊ. कोणी वापरत नाही, निगुतीने बसवावे लागतात. ते लिक्विडमध्ये भिजवून फाटीला आडवे घालायचे, म्हणजे वाकताना ते ताण घेतात. आधी पट्टीवर करून पाहिलं. बादली भरत गेले. सात. आठ. साडेआठ. नऊ लिटरला मोडली, आणि माझ्या जोडात नाही. जोडाच्या बाजूला, जुन्या मालात.

मी नाचले. काकांनी मोडलेली पट्टी उचलून भिंगाखाली धरली. "जोड राहिला," म्हणाले. "शेजारचं जुनं गेलं."

मग कवळी केली. तीन मिनिटांत काका गोष्ट सांगत होते, पण मी धागे मोजत होते.

२३ फेब्रुवारी

दुपारी बसचं तिकीट काढून आले. काका वाइसपाशी स्टुलावर बसले होते, घामाने डबडबलेले, श्वास लागलेला. तळवे लालबुंद, आडव्या वळांसकट.

"काय झालं?"

"वाइसला तेल देत होतो. दांडा जाम झालाय."

मी दांडा फिरवला. लोण्यासारखा फिरला. म्हटलं, झाला की मोकळा.

"हो," ते म्हणाले. "झाला." पाणी दिलं, प्यायले. मग खिशातून कवळी काढून तोंडात बसवली आणि म्हणाले, "मजबूत झाली गं, भिंगरी."

इतक्या वर्षांत काकांनी कोणाच्या कामाला मजबूत म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मग त्यांनी सफरचंद घेतलं आणि पुढच्या दातांनी चावून दाखवलं. पुढच्या दातांनी. सगळं संपवलं, बियांपर्यंत. मला रडू आलं, आनंदाने.

२४ फेब्रुवारी

बसमध्ये. रस्ता खराब, अक्षर तसंच. काका दारापर्यंत आले, खांबापर्यंत नाही. शिंपीणबाई म्हणाली, "निघाली पाहुणी." तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

११ मार्च

खोलीला खिडकी नाही. काका बरोबर म्हणाले होते, दिवस कळत नाही. इथे रोज अडीचशे कांदे. एका प्रवाशाची कवळी सैल आहे, बोलताना टकटक वाजते. मी तिच्याकडे फार बघते म्हणून मला ओरडा बसला.

३ एप्रिल

काल शिंपीणबाईचा फोन आला. बोट सकाळीच एका बंदराला लागली होती, तिथेच उतरले. दोन बसा, एक रात्र, आणि आज दुपारी पोचले. सगळं आटोपलेलं होतं.

खुर्चीत गेले, सकाळी, टेबलाशी. हृदय. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, उन्हाळा बघतील का नाही शंका आहे.

"मला का नाही सांगितलं?"

शिंपीणबाई म्हणाली, "मी म्हणत होते ना त्यांना. सरळ सांगा पोरीला, राहा म्हणून. तर म्हणाले, भिंगरी हाताने थांबवली की ती पडते. तिची तिने थांबू दे."

मग तिने पदराआडून वाटी काढली. वाटीत पाणी, पाण्यात कवळी. "शेवटी त्यांच्या तोंडात घालायला गेलो, पण बसेना. गाल फारच गेले होते. म्हटलं, तू आल्यावर तुला देऊ."

४ एप्रिल

कवळी पुसून उजेडात धरली. माझा जोड कुठे आहे ते दिसतसुद्धा नाही. धागे आत बसलेत, रेघही नाही.

पण दोन्ही अंगांना, बाहेरच्या बाजूला, गुलाबी मालात खोल चौकडी उठली आहे. बारीक बारीक चौकोन, एकसारखे. असे चौकोन मी पाहिलेत. कवळी वाइसच्या जबड्यात धरून पाहिली. चौकडीवर चौकडी बसली. आधीच्या वेळी मध्ये रुमाल घातला असणार. या वेळी रुमालाने पकड येईना, म्हणून काढला असणार.

दांडा फिरवला नाही. 

मग वही काढली. १२ फेब्रुवारी, बाण टाळूकडून. २२ फेब्रुवारी, बाण टाळूकडून. टाळूच्या बाजूने कधी? दोन्ही अंगांनी आत दाबली तर. हे मीच माझ्या अक्षरात लिहिलंय, १५ तारखेला. दर वेळी कवळी जोडून होईपर्यंत ते पाव दुधात बुडवून खात राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून म्हणत होते की माझंच काम कच्चं.

काठ वाचायला शीक, म्हणाले होते. मग वाचायला दिला होता. मग विचारलं होतं, तुला काय वाटतं.

तिसऱ्यांदा काकांनी काकूने आणलेला काठ नीट पाहिला होता, आणि. त्या आणिच्या पुढचं मला आता कोणी सांगायला नको.

बँडवाले आले होते. दार उघडं दिसलं म्हणून. त्यांची कवळी पुन्हा तुटली आहे, उद्या घेऊन या म्हटलं. शिंपीणबाई दारात उभी होती. किती दिवस, ते तिने विचारलं नाही.

दोन्ही चित्रं बरोबर आहेत. दोन्हींच्या पुढे ‘उलटा धरला असणार’ असं लिहिलंय. ती दोन वाक्यं खोडली. मग काकांची कवळी पुन्हा वाटीत, पाण्यात ठेवली. सुकली की तिला चिरा जातात.